साठ पत्रिका, खणाची पट्टी आणि गोंदाची एकच बाटली

तासगावच्या एका मुलीने विचारलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "काका, ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे. छापील पत्रिका आहेतच, पण अगदी जवळच्या माणसांसाठी ६० पत्रिका घरी हाताने करायचं ठरवलंय. आयव्हरी शीटचं घडीचं कार्ड, वर खणाची पट्टी, आत ट्रेसिंग पेपरवर मजकूर, दोघांचा छोटा फोटो आणि कोपऱ्यात आरसे-मोती. नमुन्याला पाच केल्या. कार्ड पापडासारखं वाकलं, खणातून गोंद वर आला, ट्रेसिंगला सुरकुत्या पडल्या, फोटो दोन दिवसांत उचकटला. चांगला गोंद कुठला? आणि सामान काय काय घेऊ? सगळं एकदम घेणं परवडणार नाही."

पाचही पत्रिका एकाच बाटलीतल्या गोंदाने केल्यास ना? तू लिहिलं नाहीस, पण लक्षणं तीच सांगतायत. तो गोंद वाईट नाही. पांढरा फेविकॉल एमआर माझ्या टेबलावर रोज असतो. पण कार्डशीट, कापड, ट्रेसिंग, फोटो आणि काच यांना तू एकाच मापाने मोजलंस, तिथं गडबड झाली.

सांगलीत गावभागात वडलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. हळदीच्या पेढ्यांच्या वह्या, रोजमेळ, शाळेची हजेरीपत्रकं शिवायची, खळ लावायची आणि दाबात ठेवायची. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले, मग मी पत्रिका आणि भेटकार्डांकडे वळलो. तेव्हा माझं उत्तर बाइंडरचं असणार. तुला व्हिडिओत दिसतात ती गोंडस यंत्रं त्यात फारशी सापडणार नाहीत.

पांढऱ्या गोंदात जवळजवळ निम्मं पाणी असतं. गोंद वाळतो म्हणजे हे पाणी कुठंतरी जातं, आणि जाण्याआधी ते कागदात शिरतं. कागद म्हणजे दाबून बसवलेले तंतू. पाणी लागलं की ते फुगतात, वाळले की आखडतात. तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत वाढतो. कारखान्यात कागद पळत्या जाळीवर तयार होतो, त्यामुळं बरेचसे तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. म्हणून कागद एका दिशेला जास्त फुगतो, दुसऱ्या दिशेला अगदी थोडा. या झोपलेल्या दिशेला आम्ही ग्रेन म्हणतो. तू कार्डाच्या एकाच बाजूला भरपूर गोंद लावून वर दुसरा कागद डकवलास. ती बाजू फुगली, मग आखडताना तिने अख्ख्या कार्डाला ओढून घेतलं. झाला पापड.

खरं वाटत नसेल तर जुन्या वहीच्या कागदाचे बोटभर रुंदीचे दोन तुकडे काप, एक उभा, एक आडवा. दोन्ही एका बाजूने ओल्या बोटाने पुसून टेबलावर ठेव. एक तुकडा नळीसारखा गुंडाळेल, दुसरा नुसता लांबट बाक घेईल. दोन्हींत कागद ज्या रेघेभोवती वळला ती रेघ ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा. जाड शीट भिजवायचं नसतं, ते दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघायचं. ज्या बाजूने मऊपणे वळतं, त्या वळणाची रेघ ग्रेनला समांतर. विरुद्ध बाजूने वाकवलंस तर कागद हाताला उलट ढकलतो. दोन-चार शीटं वाकवलीस की बोटांना आपोआप कळायला लागेल.

हे एवढं का सांगतोय, तर कार्डाची घडी नेहमी ग्रेनला समांतर हवी. आडवी आली तर घडीवर कागद फुटतो, पांढरे तडे दिसतात, आणि कार्ड टेबलावर उभं केलं की तोंड उघडून बसतं. तुझंच गणित करून देतो. बाजारात कार्डशीट २२ बाय २८ इंचांचं मिळतं. तुझं कार्ड मिटल्यावर साडेपाच बाय सात धरू, म्हणजे उघडल्यावर ११ बाय ७. शीटच्या २२ इंचांत दोन अकरा बसतात, २८ इंचांत चार सात. एका शीटात आठ पत्रिका, तुकडासुद्धा वाया नाही. पण या मांडणीत घड्या २८ इंचांच्या बाजूला समांतर येतात, म्हणजे ग्रेनही लांब बाजूलाच हवा. ग्रेन आडवा निघाला तर मांडणी फिरवावी लागते आणि शीटात सहाच बसतात. म्हणजे ६० पत्रिकांना एका बाबतीत आठ शीटं, दुसऱ्या बाबतीत दहा. बिघडणारं धरून एकेक जास्त घे. दुकानात शीट वाकवून बघूनच पैसे दे. दुकानदार हसला तर हसू दे.

कागद किती जाड घ्यायचा? २५० ते ३०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर माझा फार विश्वास नसतो. ए-फोर मापाचे १६ कागद मिळून बरोबर एक चौरस मीटर होतात, म्हणून १६ कागदांचं ग्रॅममधलं वजन हाच त्याचा जीएसएम. झेरॉक्सच्या कागदाचे १६ ताव काट्यावर ठेव, ७५ च्या आसपास येईल. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चालतो. एकदा मला "तीनशेचं" म्हणून दिलेलं शीट दोनशेतीसचं निघालं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, पण तेव्हापासून मी आधी तोलतो आणि मग बोलतो.

हातकागद वापरायची इच्छा असेल तर तोही सुंदर दिसतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथं सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. हा कागद साच्यावर हाताने उचललेला असतो, त्यामुळं त्यात ग्रेनची कटकट जवळजवळ नसते. पण तो गोंद पितो, आणि त्यावर बारीक छपाई फुटते. कार्डाच्या मुखपृष्ठाला चालेल, आतल्या मजकुराला नको.

आता गोंद. कार्डशीटवर कार्डशीट किंवा साधा कागद डकवायला पांढरा गोंद उत्तमच, फक्त लावायची पद्धत बदल. बाटलीच्या तोंडाने नागमोडी रेघा काढून वर कागद दाबायचा, हे तू करत असशील. तिथं गोंदाचे बांध राहतात आणि तेवढ्याच जागी कागद फुगतो. गोंद बशीत काढ, एक इंची सपाट ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ पसरव. इतका पातळ की कागदाचा रंग खालून दिसला पाहिजे. लहान तुकड्याला लाव, मोठ्याला नाही. मधून कडेकडे ने, म्हणजे कडेखाली गोळा होणार नाही. खाली रद्दी कागद ठेव आणि दर तुकड्याला तो बदल. बदलायचा कंटाळा केला की पुढच्या पत्रिकेच्या तोंडावर गोंदाचा ठसा उमटतो, हे मी शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलं असेल.

आणि चिकटवल्यावर दाब. ही पायरी घरी सगळे गाळतात, आणि पत्रिका वाकतात त्या बहुतेक इथंच. पाच-पाच पत्रिकांचा थर, प्रत्येकीच्या मध्ये बटर पेपर आणि कोरा झेरॉक्सचा कागद, वर-खाली प्लायवूडचा तुकडा किंवा पोळपाट, आणि त्यावर पाटा. हो, पाटा-वरवंट्यातला पाटा. तुझ्या आज्जीकडं असणारच. कोरा कागद ओल शोषतो म्हणून तासाभराने बदलायचा. वर्तमानपत्र घालू नकोस, त्याची शाई पांढऱ्या कार्डावर उतरते. रात्रभर दाबात राहू दे. कोरडं होतं तासाभरात, पण पूर्ण जोर यायला एक दिवस लागतो. घाईने काढलेलं कार्ड टेबलावर सरळ दिसतं आणि पाकिटात जाऊन वाकतं.

एक युक्ती अजून. पुढच्या बाजूला मोठा कागद डकवला असेल तर त्याच मापाचा साधा कागद त्याच पानाच्या आतल्या बाजूलाही डकव, ग्रेन त्याच दिशेला ठेवून. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की कार्ड सरळ राहतं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत कागद लावलेला असतो तो नुसता शोभेसाठी नसतो.

तू नमुने श्रावणात केलेस. हवाच ओली, मग पाणी जाणार कुठं? तेच काम नवरात्र उलटल्यावर कर, निम्मा त्रास आपोआप कमी होईल. मार्गशीर्षातलं लग्न असल्यामुळं तुला वेळही आहे.

आता खण. तुझ्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कापडावर सरळ पांढरा गोंद लावला की तो विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकणारे डाग राहतात. ते निघत नाहीत. बाइंडर कापड कधीच नुसतं वापरत नाही, आधी त्याच्या पाठीला कागद लावून घेतो. त्याला लागते खळ.

एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी वाटीभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालव. उरलेलं पाणी गरम करून त्यात ओत आणि मंद आचेवर ढवळत राहा. आधी दुधासारखं दिसतं, मग एकदम जडावतं, आणि पांढरेपणा जाऊन चकाकी येते. ती चकाकी आली की आणखी दोन-तीन मिनिटं, मग उतरव. कच्ची राहिलेली खळ नंतर पावडरीसारखी सुटते. गार झाली की मलमलच्या फडक्यातून गाळ, आणि घट्टसर कढीइतकी होईपर्यंत लागेल तसं पाणी घाल. वडील त्यात मोरचूद घालायचे, म्हणजे बुरशी आणि कसर लागत नाही. तू घालू नकोस. ते विष आहे, आणि तुझ्या पत्रिका लहान मुलांच्या हातात जाणार. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकलेस तर वासही बरा राहतो. जेवढी लागेल तेवढीच कर.

खण वापरण्याआधी ओलं पांढरं फडकं त्याच्या उलट्या बाजूवर दाबून बघ. रंग उतरला तर खळ लावू नकोस, अशा कापडाला पुढं सांगतो ती डबल साइड टेपच बरी. रंग पक्का असेल तर कापडाला उलट्या बाजूने इस्त्री कर. पातळ पांढरा कागद घे, पतंगी नको, त्याचा रंग सुटतो. खळ कापडाला लावायची नाही, कागदाला लावायची. रुंद ब्रशने कागद पूर्ण ओला कर आणि तीन-चार मिनिटं तसाच सोड. तो आधी लाटा-लाटा होईल, घाबरू नकोस, फुगायचं तेवढं फुगून घेऊ दे. मग त्यावर खण वीण सरळ धरून ठेव आणि कोरड्या तळहाताने मधून कडेकडे हळू सरकव. ओढायचं नाही. ओढलंस तर काठ वाकडा होतो, आणि खणाचा काठ वाकडा झाला की पत्रिका कितीही सुबक असली तरी नजर तिथंच जाते. तसंच पाटावर पसरून सावलीत वाळव, मग दाबात ठेव. दुसऱ्या दिवशी ते कापड कागदासारखं कडक होतं. आता कटरने हव्या त्या पट्ट्या काप, एक धागा सुटत नाही. आणि ती पट्टी कार्डावर डकवायला तुझाच पांढरा गोंद वापर, पातळ. मध्ये कागद असल्यामुळं वर येणार नाही.

ट्रेसिंग पेपरला पाणी अजिबात दाखवू नकोस. तो ओला झाला की इतका फुगतो की कुठलाही दाब त्याला सरळ करू शकत नाही, शिवाय आरपार दिसत असल्यामुळं गोंदाचा प्रत्येक थेंब दिसतो. अर्ध्या इंची डबल साइड टेपची पातळ पट्टी घे, आणि ट्रेसिंग फक्त एकाच कडेला, घडीच्या बाजूला पकड. बाकी तीन कडा मोकळ्या. चारही कडा चिकटवल्यास तर हवेतल्या दमटपणाने तो मध्ये फुगून येतो. टेप दिसते म्हणून वाईट वाटत असेल तर खणाच्या पट्टीचा उपयोग कर. पट्टी घडीवरून आत अर्धा इंच वळव आणि ट्रेसिंगची कड तिच्याखाली घाल. किंवा दोन भोकं पाडून रेशमी दोरा ओव, गोंदाचा प्रश्नच मिटला. मला दोराच आवडतो.

फोटो उचकटला त्याचं कारण साधं आहे. स्टुडिओतून येणाऱ्या फोटोच्या कागदावर दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर असतो. त्यातून पाणी जात नाही, मग पांढरा गोंद वाळणार कसा? कडेला वाळतो, मध्ये ओलाच राहतो. आणि घरच्या इंकजेटवर काढलेला असेल तर शाई पसरते ती वेगळीच. फोटोला डबल साइड टेप. फोमवाली जाड टेप नको, पाकिटात उंचवटा येतो आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली फोटोवर खूण उठते. पातळ टेप चारही कडांना, कोपऱ्यात एकमेकींवर न चढवता, आणि मधे एक तिरकी. ही टेप दाबाने धरते, म्हणून वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासून घ्यायचं. बोटं तेलकट असतील, किंवा तुमच्याकडं द्राक्षांना धुरळणी झाल्यावर टेबलावर बसते तशी बारीक भुकटी असेल, तर जगातली कुठलीही टेप धरत नाही. आधी कोरड्या फडक्याने पुस.

टेपला ऊन सोसत नाही. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकाने शंभर कार्डं स्कूटरच्या डिकीत घालून दुपारभर विटा-खानापूर फिरवली आणि संध्याकाळी फोन, "काका, सगळे फोटो घसरले की ओ!" तुझं लग्न थंडीतलं आहे म्हणून मी टेप सुचवतोय. वैशाखातलं असतं तर फोटो कार्डावरच छापून घे म्हटलं असतं.

आरसे आणि मोती. इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखरपुड्याच्या ४० कार्डांवर मी आरसे फेविक्विकने बसवले. भराभर काम झालं, मी खूश. सकाळी बघतो तर प्रत्येक आरशाभोवती पांढुरकी धुरकट कडी, आणि काही आरशांचा पारा काळवंडलेला. त्या गोंदाची वाफ हवेतल्या ओलीशी मिळून आजूबाजूला पांढरी बसते. ४० च्या ४० नव्याने केली. आणखी एक लक्षात ठेव: हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो एकदम तापतो, चटका बसण्याइतका. खणाजवळ त्याची बाटली उघडूच नकोस. आरशा-मोत्यांना पांढराच गोंद, पण बाटलीतून थोडा बशीत काढून अर्धा तास उघडा ठेवलेला, म्हणजे जरा आटतो आणि घसरत नाही. टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढा थेंब. मोती उचलायला दुसऱ्या टूथपिकच्या टोकाला मेणाचा बारीक गोळा लाव, चिमट्यापेक्षा बरा. आणि ती पत्रिका दाबात घालायची नाही, म्हणून मोती सगळ्यात शेवटी.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगतो. साधी पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि मागे डाग ठेवते. पंक्चरचं सोल्यूशन किंवा चपला-रेक्झिनचा पिवळा गोंद कागदावर लावायला फार सोपा वाटतो, अजिबात वाकत नाही, म्हणून पुष्कळ जण फसतात. पुढं तो कागदातून तेलकट पिवळा झिरपतो. ग्लूस्टिक लिपस्टिकच्या नळीवरून सुचलेली, १९६९ साली जर्मनीत बाजारात आली. लहान मुलांच्या हातात ती छानच, पाणी कमी, पसारा नाही. पण जाड शीट तिच्याने वर्षभर टिकेल असं समजू नकोस. पाकिटाची झाकणं बंद करायला वापर.

ग्लूगन, म्हणजे कांडी वितळवून गरम गोंद सोडणारं पिस्तूल, पत्रिकेला नको. गोंदाचा उंचवटा राहतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात, आणि उन्हात पुन्हा मऊ पडतो. पण तू रुखवतही करणार असशील, म्हणजे पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, पालखी, जातं वगैरे, तर तिथं ती घे. सात मिलिमीटर कांडीची छोटी गन पुरे. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेव, कारण चटका हमखास बसतो.

कुठला गोंद किती टिकतो हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं, हवं होतं म्हणून नव्हे. सांगलीच्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटाफुटाने वाढत होती तेव्हा आम्ही माल माळ्यावर टाकला, पण नमुन्यांची ट्रंक खालीच राहिली. आठवड्याने उघडली. खळीने चिकटवलेले कागद सगळे सुटून वेगवेगळे तरंगत होते, पण एकही फाटला नव्हता. वाळवले आणि पुन्हा चिकटवले. पांढऱ्या गोंदाचे जोड मऊ झाले होते, पण बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. चकचकीत आर्ट पेपरची कार्डं एकमेकांना चिकटून अक्षरशः वीट झाली, ती फेकावी लागली. वडलांची जुनी एक वही त्या ट्रंकेत होती. शिवण शाबूत, पुठ्ठा गेलेला. ती अजून माझ्याकडं आहे.

आता हत्यारं. पहिला पैसा कटर आणि स्टीलच्या पट्टीवर घाल. कात्रीने ६० कार्डांच्या सरळ कडा येत नाहीत, माझ्याही येत नाहीत. कागदाला नऊ मिलिमीटर पात्याचा बारीक कटर, पुठ्ठ्याला अठरा मिलिमीटरचा. हे तुटणाऱ्या पात्याचे कटर १९५६ मध्ये जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी काढले, चॉकलेटच्या वड्या तोडतात त्यावरून. पण आपल्याकडं लोक ते पातं तोडतच नाहीत! एकाच टोकाने महिनाभर कापतात आणि कागद फाटतो म्हणून कटरला शिव्या देतात. ६० पत्रिकांना निदान आठ-दहा टोकं तोडावी लागतील. तोडलेले तुकडे रिकाम्या औषधाच्या बाटलीत टाक, केरात नाही.

पट्टी स्टीलचीच, एक फुटाची. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कटर खातो आणि पुढचं प्रत्येक कार्ड तिथं वाकडं होतं. घसरते म्हणून तिच्या पाठीला बारीक सँडपेपरची पट्टी डकव. पट्टी हव्या असलेल्या भागावर ठेवायची, म्हणजे हात घसरला तरी कटर वाया जाणाऱ्या तुकड्यात जातो. एका दमात कापायला जाऊ नकोस. तीन हलके हात, पहिला नुसती वाट पाडायला. उभं राहून काप, खुर्चीत बसून हात तिरका जातो. खाली कटिंग मॅट हवी, ए-थ्री मापाची. पुठ्ठ्यावर कापलं की जुन्या चिरांत पातं शिरतं, आणि काचेवर कापलं तर पातं दहा मिनिटांत बोथट. मॅट महाग वाटली तरी ती दहा वर्षं जाते, फक्त उन्हात ठेवू नकोस, वाकते.

घडीसाठी बाजारात बोन फोल्डर मिळतो, म्हणजे रेघ पाडायची आणि घडी घासायची गुळगुळीत पट्टी. माझ्याकडं वडलांची शिंगाची पट्टी आहे, कडा झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. तुला शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलचा चमचा पुरतो. पट्टी धरून बॉलपेनने घडीची रेघ दाबून पाड, खाली मॅट किंवा जाड वही. इथं एक चूक अगदी सराईत लोकही करतात. रेघ पाडली की एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक फुगवटा येतो. सगळे खाचेच्या दिशेने घडी घालतात, कारण हाताला ते बरोबर वाटतं. उलटं कर. फुगवटा घडीच्या आत गेला पाहिजे, खाच बाहेर. मग बाहेरचे तंतू ताणले जात नाहीत आणि घडी फुटत नाही. एका तुकड्यावर दोन्ही करून बघ आणि उजेडात धर, फरक लगेच दिसेल. घडी घातल्यावर चमच्याच्या पाठीने घासताना मधे कागद ठेव, नाहीतर कार्डावर चकाकी उठते.

एक इंची ब्रश, एक रुंद ब्रश, टूथपिकचा डबा, बटर पेपरचा रोल. झालं. कोपरे गोल करायचा पंच घेतलास तर हरकत नाही, कार्ड एकदम नेटकं दिसतं आणि कोपरे दुमडत नाहीत. फुला-फुलपाखरांचे पंच, नक्षीच्या कात्र्या, डाय कटिंगचं यंत्र यांच्याकडं आत्ता बघूही नकोस. सांगलीत मारुती रोडवरच्या स्टेशनरीत गेलीस की ते समोरच मांडलेले असतात. ६० पत्रिकांत ते वसूल होत नाहीत.

कामाचा क्रम असा ठेव. पहिल्या दिवशी सगळं कापणं, दुसऱ्या दिवशी खणाला कागद लावणं, तिसऱ्या दिवशी घड्या आणि पट्ट्या आणि रात्रभर दाब. मग फोटो, मग ट्रेसिंग, शेवटी आरसे-मोती. एकेक पत्रिका पूर्ण करत बसू नकोस, एकेक काम साठही पत्रिकांचं संपव. पण त्याआधी तीन नमुने कर. एक आठवडाभर कपाटावर उघडा ठेव, एक पाकिटात घालून कोणाला तरी पोस्टाने पाठव, आणि एक स्कूटरच्या डिकीत टाक. तिन्ही सरळ राहिले तरच पुढचं कापायला घे.

आणि हळद-कुंकू. पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावणारच तुम्ही, पहिली पत्रिका गणपतीपुढं ठेवणार तेव्हा तर नक्कीच. ओलं हळद-कुंकू कार्डातून आत झिरपतं आणि ट्रेसिंगवर पिवळा डाग उतरतो, म्हणून ते मागच्या पानाच्या बाहेरच्या बाजूला, जवळजवळ कोरड्या बोटाने लाव. लावून झाल्यावर पंधरा मिनिटं उघडी ठेव, मग पाकिटात घाल.